मंगळवारची शिलाई

मित्रांनो, मी एक जुने, पायाने चालणारे शिलाई मशीन आहे. सध्या माझा मुक्काम नाशिकमध्ये, एका विद्यापीठाच्या नाट्य विभागात आहे. मला येथे कोणी विकत आणले नाही, मी दान म्हणून आले.

माझा जन्म लुधियानाच्या कारखान्यात झाला. तेथून मी नाशिकच्याच अंबडजवळच्या एका कॉलनीत आक्काबाईंच्या घरी आले. त्यांनी माझ्यावर तीस वर्षे शाळेचे गणवेश, ब्लाउज आणि चौदा एप्रिलच्या निळ्या पताका शिवल्या. आक्काबाईंची टीप उसवत नाही, असे सारी कॉलनी म्हणायची. ते ऐकून मलाही बरे वाटायचे.

पुढे त्यांचे गुडघे थकले, पायडल मारवेना. मी गॅलरीत पडून राहिले. त्यांचा मुलगा रवी मला भंगारात द्यायला निघाला होता, पण आक्काबाईंचे मन होईना.

शेजारची चैताली याच नाट्य विभागात शिकत होती. विभागाने लोकांकडे मदत मागितल्याचे तिने एकदा सांगितले. जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून एक शिष्यवृत्ती सुरू केली होती. दिंडोरीच्या एका बागायतदाराने नेपथ्यासाठी बांबू पाठवले होते. एक वायरमन दर रविवारी येऊन दिवे फुकट दुरुस्त करून देत होता. आक्काबाईंनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मशीन घेतील का गं?"

विभागप्रमुख वेदिका मॅडमनी मला आनंदाने घेतले. मला हार घातला, फोटो काढला, आभाराचे पत्र दिले. मग मी कपड्यांच्या खोलीत गेले. पण मला चालवणे तेथे कोणालाच येत नव्हते. एकाने पायडल उलटे मारले, दोरा तुटला. त्यानंतर माझ्यावर मुखवट्यांची खोकी चढत गेली. दोन वर्षे कोणी मला हात लावला नाही.

यंदा जानेवारीत मुलांचे नाटक स्पर्धेत होते. चार दिवस आधी भाड्याचे कपडे आले, ते कोणाच्याच मापाचे नव्हते. राजा झालेल्या शेखरच्या अंगरख्यात दोन शेखर मावले असते. दुसरे कपडे मिळेनात. नाटक मागे घ्यावे लागेल, असे मॅडम म्हणाल्या. तेव्हा चैताली रिक्षाने आक्काबाईंना घेऊन आली.

खोकी उतरवल्यावर मी दिसले. आक्काबाईंनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली. मॅडमची मान खाली गेली. त्या माफी मागू लागल्या, तेव्हा आक्काबाईंनी त्यांना थांबवले.

"तुमची चूक नाही, मॅडम. मी मशीन दिलं, पण चालवायला कुणाला शिकवलंच नाही. माझं देणं अर्धंच राहिलं."

त्यांनी मला तेल घातले, नवा पट्टा चढवला आणि चैतालीला माझ्यापुढे बसवले. स्वतः शेजारी स्टूल घेतले. चैतालीचा दोरा पुन्हा पुन्हा तुटत होता. आक्काबाई शांतपणे म्हणाल्या, "पाय घाई करतायत. पायांना सांग, हातांसाठी थांबा."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सारे कपडे तयार झाले. मुलांनी नाटक केले. नंबर काही आला नाही, पण प्रयोग झाला आणि राजाची बाही शेवटपर्यंत जागेवर राहिली.

आता आक्काबाई दर मंगळवारी येतात. सहा मुले-मुली शिवण शिकतात. मॅडमनी त्यांच्या नावाची पाटी लावायचे ठरवले होते. आक्काबाईंनी नको म्हटले आणि पाटीऐवजी बसायला पाठ टेकता येईल अशी खुर्ची मागितली.

मित्रांनो, एखाद्या कला विभागाला काही द्यावेसे वाटले, तर आधी तेथे जाऊन काय हवे ते विचारा. पैसे, वस्तू, एखादा रविवार, हातातली विद्या, जे जमेल ते द्या. आणि ज्यांना मिळेल त्यांनी ते कोपऱ्यात ठेवू नका. वेळेवर तेलाचे दोन थेंब आणि रोजचे थोडे काम, आम्हा म्हाताऱ्यांना याहून जास्त काही लागत नाही.