एकाच आवाजाचे दोन भोंगे

यशवंतरावांनी मला घेतलं, तेव्हा त्यांचा फायदा सरळ होता. पांढुर्ण्याच्या बाजारात भोंग्यांची जोडी घेतली की एक रबरी फुगा जास्तीचा मिळत होता. त्या फुग्यापायी माझा जुळा भाऊही घरात आला. मित्रांनो, मी एक जुना पितळी भोंगा आहे. आम्हा दोघांचा आवाज हुबेहूब सारखा होता, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

यशवंतराव संत्र्यांचे व्यापारी. त्यांच्या दोन मेटॅडोर सौसरवरून घाटाने छिंदवाड्याला माल नेत. बॅटरी रुसली की विजेचा हॉर्न मुका व्हायचा, म्हणून पुढच्या गाडीला मी आणि मागच्या गाडीला भाऊ. पुढची मोतीराम चालवायचा, मागची प्रकाश. मोतीरामशेजारी लीलाबाई बसायची. बागेत फळं मोजून घेणं आणि मंडईत मोजून देणं तिचं काम. माझा आवाज बैलासारखा भरदार होता. बोरगावची पोरं तो ऐकायला रस्त्यावर येत. मला गर्व होता, नाही म्हणत नाही.

घाटात एक आंधळं, अरुंद वळण होतं. तिथे थांबायचं, दोनदा भोंगा वाजवायचा आणि कान द्यायचा, अशी रीत. पलीकडून उत्तर आलं तर गाडी येते आहे, नाही आलं तर रस्ता मोकळा. धुक्यात गाडीचे डोळे म्हणजे मीच.

पंच्याऐंशीच्या थंडीत एका सकाळी मोतीरामने मला दाबलं. उत्तर आलं. तो थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा उत्तर. येत मात्र कोणीच नव्हतं.

"तिकडे जेवाले बसला का कोणी?" मोतीराम वैतागला.

लीलाबाई उतरून मागे गेली. दहा पावलांवर धुक्यात प्रकाशची गाडी उभी होती.

"काहून वाजवून राहिला रे?"

"समोरून कोणी वाजवून राहिलं ना, बाई. जवाब देतो."

"थो मोतीराम होय. अर्धा घंटा झाला, तुमी दोघं एकमेकालेच रस्ता देऊन राहिले."

भावाचा आवाज डोंगरावर आपटून समोरून आल्यासारखा वाटत होता. मंडईत सगळे हसले, आणि मोतीरामला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिथेच उत्तर आलं, तेव्हा तो म्हणाला, "हा पक्याच," आणि गाडी घातली. मागे प्रकाश रीतीप्रमाणे भावाला वाजवत होता हे खरं. पण त्याच्या आवाजाखाली समोरून येणाऱ्या, लाकडं भरलेल्या एका ट्रकचा आवाज दबला होता. मोतीरामने गाडी डोंगराला घासून थांबवली. संत्र्यांची एक टोपली दरीत गेली, आणि दारावर आपटून लीलाबाईचं उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर बांधूनच ती गोदामात आली. बागेत शेजारी बसून मोजणाऱ्या बाया आकडे गाऊन म्हणतात, प्रत्येकीची चाल वेगळी.

"बाजूले बसणारी शकुंतला अन् मी एका चालीत गायलो, तं तिचा आकडा माह्या तोंडात येते," ती म्हणाली. "म्हून चाल बदलतो. अन् ती गाते तवा मी दम धरतो. भोंग्याले वेगळं काय लागते?"

"मंग पक्याचा भोंगा बदला," मोतीराम म्हणाला.

"गाडी कोणं घातली होती?"

मोतीराम उठून कानस घेऊन आला. ती माझ्याच, आवाज देणाऱ्या पितळी जिभेला लागली, आणि माझा आवाज बारीक झाला.

"बैलाची शेळी केली," यशवंतराव म्हणाले.

नवा नियम ठरला. मी दोनदा वाजायचं. माझा घुमारा विरेपर्यंत भावाने थांबायचं, मग एकदाच लांब वाजायचं. याहून निराळा आवाज आला तर तो परका. आठवड्याभरात, दाट धुक्यात, तिसरा आवाज आला. मोतीराम थांबला. मोठा ट्रक हातभर अंतरावरून गेला. मोतीरामने सदऱ्याने माझ्यावरचं दव पुसलं. तेवढं कौतुक मला पुरलं.

आता मी गोदामात खिळ्याला लटकतो. फुग्याला चिरा गेल्या आहेत, पुसायला कोणी येत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूवर कधीतरी फडका फिरवा, आणि हाक मारून झाली की घडीभर थांबून ऐका.

यशवंतरावांची एक टोपली गेली, मोतीरामची ऐट गेली, माझा भरदार आवाज गेला. लीलाबाईचं मनगट पुढे कधी नीट वळलं नाही; ती डाव्या हाताने मोजू लागली. आणि भोंगा तर तिने कधी एकदाही दाबला नव्हता.