बेसिनपासून गल्लीपर्यंत

"पृथ्वी आपणा सर्वांची माता आहे!" पर्यावरणाचे प्राध्यापक वर्गात गरजले.

"मग कॉलेजच्या प्रयोगशाळेचं घाण पाणी एकट्या आमच्याच गल्लीत का येतं, सर?" मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं. दाराबाहेर फरशी पुसणाऱ्या तिच्या आईचा हात थबकला.

"पुरावा?"

"सकाळी प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये लाल रंग ओतला. तासाभरात आमच्या दारातलं गटार लाल!" तिने त्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली.

प्राध्यापकांनी आयुष्यात प्रथमच तास अर्धवट सोडला. बाटली घेऊन ते तडक प्राचार्यांकडे गेले आणि गल्लीत जाणारा पाइप बंद करायचा लेखी हुकूम घेऊनच परतले.

"मावशी, आज तुमच्या लेकीने मला शिकवलं!"

आईला आभाळ ठेंगणं झालं. ती म्हणाली, "सर, तेवढे पाय पुसून आत जा."