चौकशीचा नंबर

चौकशी केल्याशिवाय जबलपूरच्या मराठी घरात लग्न ठरत नाही. मुलगी गावातल्याच चेरीतालची असो की नागपूरची, ओळखीचं कोणी ना कोणी निघतंच. फॅक्टरीत बापाबरोबर असलेलं, गणपतीच्या वर्गणीला आलेलं, नाहीतर मावशीच्या जावेच्या नात्यातलं. त्याला फोन लावायचा, थंडी-उन्हाच्या गप्पा मारायच्या आणि मग हळूच विचारायचं, "बाकी, पोरगी कशी आहे?" प्रणोतीच्या बाबतीत अडचण एवढीच होती, की आठ वर्षं ती म्युनिकला होती आणि तिथं तिच्या होणाऱ्या सासूच्या, म्हणजे अच्युतच्या आईच्या, सुमित्राकाकूंच्या, ओळखीचं कुत्रंही नव्हतं. तेव्हा नंबर प्रणोतीनं स्वतःच दिला. "माझी तिथली मैत्रीण आहे, गीतांजली. माझ्याबद्दल मला माहीत नाही तेवढं तिला माहीत आहे. खुशाल विचारा."

आता ह्याला भोळेपणा म्हणा की मस्ती म्हणा, पण आपली मैत्रीण आपल्याबद्दल वावगं बोलेल हे तिच्या स्वप्नातही आलं नाही.

अच्युत दातांचा डॉक्टर. नेपियर टाउनमध्ये खाली दवाखाना, वर घर. वर्षभर दोघं रोज फोनवर बोलत होते. त्याच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर घरच्या ओढीनंही, प्रणोतीनं नोकरी सोडली, भाड्याचं घर सोडलं, भांडी-गाद्या ओळखीच्यांत वाटून टाकल्या आणि दोन बॅगा घेऊन जबलपूरला आली. बुधवारी साखरपुडा होता. त्याआधीच्या शनिवारी दुपारी काकूंनी तिला आणि तिच्या बाबांना, दिनकररावांना, घरी बोलावलं, तेव्हा तिला वाटलं साडीचा रंग ठरवायचा असेल.

काकूंनी आधी चहा दिला, चिवडा दिला. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "देखो बेटा, आम्ही काही जुन्या विचारांचे नाही. तुझ्या मैत्रिणीकडे फोन केला होता. बहुत अच्छी मुलगी आहे. तुझी तारीफच करून राहिली होती."

"गीतांजली आहेच तशी," प्रणोती म्हणाली.

"फोन आधी तिच्या नवऱ्यानं घेतला. साधा माणूस. मी विचारलं, पोरीचं कोणाशी काही होतं का, तर तो बोलून गेला. सचिनशी होतं, म्हणे. मग ती फोनवर आली. म्हणे, काकू, प्रणोती मनानं सोनं आहे. पहाडावरच्या त्या लॉजमध्ये जे झालं ते झालं, आता सगळं संपलं, तुम्ही मनावर घेऊ नका. इतक्या मायेनं बोलली, काय सांगू."

प्रणोतीनं हातातली बशी खाली ठेवली. तिनं बाबांकडे पाहिलं. दिनकरराव बशीतल्या चिवड्याकडे बघत होते. भल्या माणसाला राग आला की तो असाच गप्प होतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं "एक मिनिट काकू" म्हटलं आणि फोन घेऊन जिना उतरली.

सचिनचं प्रकरण खरं होतं. फक्त ते प्रणोतीचं नव्हतं.

म्युनिकमधले तिचे सगळे शनिवार डोंगरात गेले. सकाळी सातची गाडी, पाच जणांत एक तिकीट, पाठीवर सॅक, सॅकमध्ये पोळीभाजी आणि दाण्याची चटणी. परक्या गावात आपलं म्हणावं असं जे काही होतं ते ह्या पाच जणांत होतं. दिवाळीचा फराळ त्यांच्यात, आजारपण त्यांच्यात, भांडणं त्यांच्यात. पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून घसरून प्रणोतीचा पाय मुरगळला, तेव्हा गीतांजलीनं दोघींच्या सॅका पाठीपोटाला बांधून तिला तीन तास धरून धरून खाली आणलं होतं. त्या दिवसापासून प्रणोतीनं तिला बहीण मानलं. गीतांजलीचा नवरा प्रसन्न गुडघ्यांमुळे डोंगरात येत नसे. तो लहानग्याला घेऊन घरी थांबायचा आणि संध्याकाळी सगळे परतले की खिचडी टाकायचा.

पाचांतला सचिन नवीन नवीन वाटा शोधून काढणारा. त्या वाटांवर तो आणि गीतांजली हळूहळू मागे राहायला लागले. प्रणोतीला कळलं तेव्हा ती कडाडून भांडली. गीतांजली रडली, पाया पडायची तेवढी बाकी राहिली, आणि प्रणोतीनं तोंड मिटलं. प्रसन्नचा फोन आला की हीच सांगायची, "ती पुढे गेली आहे, इथं रेंज नाही." कधी मुक्काम पडला तर डोंगरावरच्या लॉजमध्ये दोघींना मिळून एक छोटी खोली मिळे. प्रणोती आपली उशी उचलून मोठ्या हॉलमध्ये जायची आणि वीस घोरणाऱ्या अनोळखी माणसांमध्ये पडून राहायची. प्रसन्नच्या हातची खिचडी खाताना तिला घास गिळवत नसे, पण ती गिळायची.

दवाखान्यासमोर ऑटोंची पों पों चालली होती. तिनं फोन लावला. पलीकडे वारं होतं आणि कोणीतरी हसत होतं. शनिवार होता. मंडळी डोंगरावर होती.

"अगं बोल ना!" गीतांजली ओरडली. "इतकं सुंदर ऊन आहे, तुझी आठवणच काढत होतो!"

"तू सुमित्राकाकूंना काय सांगितलंस?"

हसणं बंद झालं. बुटांखाली खडी करकरल्याचा आवाज आला. ती बाकीच्यांपासून लांब चालली असावी.

"प्रसन्नला संशय आला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "मागच्या वर्षीच. त्यानं सचिनचे मेसेज बघितले. मी सांगितलं, की ते तुझ्यासाठी आहेत, तू माझ्या फोनवरून बोलतेस. त्याला पटलं. काकूंचा फोन त्यानंच घेतला आणि बोलून बसला. मग माझ्या हातात दिला. तो समोर उभा असताना मी नाही कसं म्हणणार होते? मी उलट तुझी बाजूच घेतली."

"माझी बाजू?"

"हळू बोल ना. अगं, तू काही आता परत येणार नाहीस. इथं कोण काय म्हणतंय ह्यानं तुला काय फरक पडतो? मला इथं राहायचंय. माझा मुलगा चार वर्षांचा आहे."

म्हणजे वर्षभर. वर्षभर प्रसन्न हिला खिचडी वाढत होता, सचिनशी हिचंच आहे असं समजून, आणि हिच्या पानावर तूप वाढणारी गीतांजली ते बघत होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. प्रणोतीला आरडाओरडा करायचा होता, शिव्या द्यायच्या होत्या. तोंडातून निघालं ते एवढंच, "सचिन आहे का तिथं?"

"आहे."

"त्याला माहीत होतं?"

गीतांजलीच्या बुटांखाली पुन्हा खडी करकरली. मागे कोणीतरी तिला फोटोसाठी हाक मारली. प्रणोतीनं फोन बंद केला.

मागे वळली तर अच्युत उभा. दुपारची सुट्टी होती, दवाखान्याचं शटर अर्धं खाली होतं. चेहऱ्यावर अगदी समजूतदार भाव होता, दात उपटण्याआधी असतो तसा.

"आईनं सांगितलं ना तुला? टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला. "मी दोन दिवस विचार केला. जुनं जे होतं ते होतं. मी माफ केलं. फक्त आईसमोर एकदा बोलून टाक, की चूक झाली होती, आता नाही होणार. बस. बुधवारचं सगळं जसंच्या तसं."

"अच्युत, ती मी नव्हते. गीतांजली होती. मी तिचं झाकत होते."

 हळूहळू त्याचा तो चांगुलपणा ओसरला.

"ती बेचारी तुझ्याबद्दल एक वाईट शब्द नाही बोलली," तो म्हणाला. "आणि तू तिच्यावरच ढकलून राहिली? हे नको करू यार. त्यापेक्षा खरं बोल."

प्रसन्नचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. एका फोनचं काम होतं. तो कोसळला असता, त्याचं घर मोडलं असतं, आणि अच्युतला पटलं असतं. तिचं बोट नंबरापर्यंत गेलंही. पण वर्षभर रोज जिचा आवाज ऐकला तिच्या तोंडचं ह्या माणसाला खरं वाटत नव्हतं, आणि एका फोनवर भेटलेली बाई खरी वाटत होती. त्याला पटवून काय करायचं होतं?

"साखरपुडा होणार नाही," ती म्हणाली. "काकूंना तू सांग. माझ्याच्यानं आता जिना चढवणार नाही. बाबांना खाली पाठव."

दिनकरराव खाली आले, काही न विचारता त्यांनी स्कूटर सुरू केली. प्रणोती मागे बसली. चेरीतालपर्यंतच्या रस्त्यात तिला रडू आलं, ते तिनं ओढणीत पुसलं. अच्युत गेला, नोकरी गेली, ते डोंगर आणि ते पाच जण गेले. पुढे बसलेल्या बाबांची पाठ तेवढी शिल्लक होती. काकूंच्या घरात ते एक घोट चहा प्यायले नाहीत, हे तिनं पाहिलं होतं. त्यांचा तो गप्पपणा आपल्या बाजूचा आहे, एवढ्या आधारावर ती बसून होती.

गल्लीच्या तोंडाशी बाबांनी स्कूटर थांबवली.

"आईला सांगू, की गुरुजींनी पत्रिकेत काही काढलं," ते म्हणाले. "ती सकाळपासून चिरोटे करून राहिली. तिला बाकीचं काही कळायला नको."

"बाकीचं काय बाबा?"

ते स्कूटरचा आरसा नीट करायला लागले. नीटच होता तो.

"पोरी, परक्या देशात एकटी राहिली तू. आठ वर्षं. माणूसच आहे, होऊन जातं. मी तुला कधी एका शब्दानं विचारलं? नाही ना? पुढे पण नाही विचारणार. तू काहून रडून राहिली?"

"बाबा, ती मी नव्हते."

"हो बेटा, हो," बाबा चटकन म्हणाले. लहानपणी तिला ताप आला की औषध कडू नाही म्हणून सांगायचे, अगदी त्याच आवाजात. मग मागे हात नेऊन त्यांनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "मी कुठं काय म्हणतो आहे?"

गीतांजली खोटं बोलली होती आणि अच्युतनं ते खरं धरलं होतं. पण त्या दोघांनी निदान काही सांगितलं, काही ऐकलं तरी. बाबांनी विचारलंसुद्धा नव्हतं.