थांबल्यानंतरची पाच मिनिटं

इस्क्रा दवाखान्यातल्या ट्रेडमिलवरून धापा टाकत उतरली आणि तिच्या आईचा, नेवेनाचा, हात आपसूक पिशवीतल्या कोरड्या बनियनकडे गेला. "बनियन राहू द्या, ताई, तिच्या छातीकडे लक्ष द्या," असं शाळेतल्या खेळाच्या रात्को सरांनी दोन वर्षांपूर्वी बजावलं होतं. तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं. धावून आल्यावर पोर खोकते ती घामावर वारा लागल्याने, असं सासूबाई झागोरका म्हणत. अख्खं उझित्से गाव तेच म्हणे. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली नेवेनासुद्धा बसमध्ये चढली की आधी खिडकी लावी, मग तिकीट काढी.

छातीच्या डॉक्टर असलेल्या डॉ. स्मिल्यांनी बनियन तिच्या हातातून काढून खुर्चीवर टाकलं.

"वाळेल तो घाम. खरी परीक्षा आत्ता सुरू होतेय."

"धावून तर झालं की."

"अशा खोकल्यात धावताना बहुतेकांची छाती ठीक असते. आवळते ती थांबल्यावर."

तीन आठवड्यांवर शाळांची क्रॉसची, म्हणजे माळरानावरून धावण्याची, शर्यत होती. चौथीच्या वर्गातून पहिल्यांदाच इस्क्राचं नाव लागलं होतं. नाव काढून टाका, असा सासूबाईंचा धोशा होता. खेळातून सूट मिळावी म्हणून नेवेनाने अर्जही लिहून ठेवला होता, सही तेवढी बाकी होती. इस्क्राला ते कळलं होतं. तीन दिवस ती घरात कुणाशी धड बोलली नव्हती.

डॉक्टरांनी तिच्या तोंडात नळी दिली. धावण्याआधी पहिल्या सेकंदाच्या फुंकरीत एक पॉइंट ऐंशी लिटर हवा निघाली होती. एका मिनिटाने जवळपास तेवढीच. तिसऱ्या मिनिटाला एक साठ. पाचव्याला इस्क्राने खुर्चीची कड धरली, दोनदा कोरडी खोकली आणि पडद्यावर आकडा उमटला, एक पस्तीस.

नेवेना उठून उभी राहिली. सांगायची लाज वाटावी असा आनंद तिला होत होता. तीन वर्षं ती ज्याच्याशी शाली नि मोजे घेऊन लढत होती, तो चोर आज आकड्यांत सापडला होता. डॉक्टरांनी नळकांड्यातून श्वास मोकळा करणाऱ्या पंपाचे फवारे दिले. पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकर, एक एकोणऐंशी. इस्क्राने स्वतःच टाळी वाजवली.

मग डॉक्टरांनी सकाळच्या रक्ताचा कागद पुढे ओढला. ॲलर्जीच्या सुजेत वाढणाऱ्या इओसिनोफिल नावाच्या पेशी मर्यादा ओलांडून सातशेच्या घरात गेल्या होत्या. नुसत्या रक्तावरून आपण काही बोललो नसतो, त्या म्हणाल्या, पण फुंकर आणि रक्त एकच सांगताहेत, हा दमा आहे. श्वासनलिकांना आतून सूज आहे, ती नुसतं बसलं तरी असते. म्हणून सुजेवरचा पंप रोज, आणि धावण्याआधीचा निराळा.

"डॉक्टरमावशी, मग क्रॉस?"

"तुझ्याऐवजी मी धावू का?" डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "रोजचा पंप एकदाही चुकवायचा नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा फुंकून दाखवायचं. ठीक निघालं, तर पंधरा मिनिटं आधी दोन फवारे घे आणि पळ. पहिली आलीस तर पदक दाखवायला ये. शेवटची आलीस तरी ये."

नेवेनाने पर्समधला अर्ज काढला आणि दोनदा फाडला. इस्क्रा आईच्या कमरेला अशी बिलगली की दोघी भिंतीवर आदळल्या.

बाहेर व्हरांड्यात इस्क्राने फोन हिसकावून घेतला आणि स्पीकरवर आजीला लावला. झागोरकाबाई नुकत्याच बाजारातून वर्षभर पुरणाऱ्या आयवार चटणीसाठी लाल मिरच्यांच्या दोन थैल्या घेऊन चौथ्या मजल्यावर चढल्या होत्या. फोनवर त्यांनी आधी बनियन बदललं का ते विचारलं. मग आमच्या वेळी असले पंप नव्हते, पोरं तशीच डोंगर चढायची, हे ऐकवलं. नात मात्र आकड्यांवर आकडे सांगत सुटली होती. शेवटी आजीही हसल्या. हसता हसता त्यांचं वाक्य तुटलं आणि खोकला सुरू झाला. कोरडा, आखूड, थांबत थांबत येणारा.

काही नाही गं, थैल्या घेऊन चार मजले चढून आले, बाजारात पाठीला वारा लागला, त्या म्हणाल्या.

इस्क्राचं हसू मावळलं.

"आजी, जिना चढून तुला किती वेळ झाला?"

"आत्ताच तर... पाचेक मिनिटं. का गं?"

हा खोकला नेवेनाने जेवणाची ताटं मांडताना दहा वर्षं ऐकला होता, आणि दर वेळी उठून सासूबाईंच्या खांद्यावर शाल टाकली होती. तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी आधीच डॉक्टरांचं दार ठोठावत होती.

तुमच्या घरीही आज कुणी जिना चढून आलं असेल, तर पाण्याचा पेला देऊन लगेच वळू नका. थोडा वेळ त्यांच्याशी बोलत बसा, आणि बघा, एक वाक्य त्यांना एका दमात पुरं करता येतंय का.