डॉक्टरांची कंबर आणि मी

मी दातांच्या डॉक्टरांची खुर्ची बोलतेय. तुम्ही जिच्यात आडवे पडून घाबरता ती नव्हे. ती माझी थोरली जाऊ. तिला डोक्याला उशी, हातापायांना आधार, आणि बटण दाबलं की बाईसाहेब खाली-वर. मी तिच्या शेजारची, गोल, चाकांची. माझ्याकडे कोण बघतंय!

कारखान्यातून आले तेव्हा मलाही छान बाकदार पाठ होती. पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, "ही मध्ये मध्ये येते," आणि स्क्रू काढून तिला वेगळं केलं. तेव्हापासून ती दवाखान्याच्या दाराला लावलेली असते, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. समोरच दिसते. जीव तुटतो हो.

डॉक्टर माणूस सोन्यासारखा, पण बसायची पद्धत बघवत नाही. माझ्या अगदी कडेला टेकायचं, पुढे वाकायचं, वर तिरकं व्हायचं आणि कुणाच्या तरी अक्कलदाढेत तासन्‌तास डोकावायचं. तो सगळा भार कमरेच्या स्नायूंनी ओढून धरायचा. ते बिचारे दिवसभर ताठ. मला खालून कळतं. आणि पेशंटला मात्र सांगायचं, "मागे टेका. अंग सैल सोडा."

काउंटर सांभाळणारी त्यांची बायको वैतागायची. "अहो, अशानं एक दिवस दवाखाना बंद करावा लागेल. दुसरं काही येतं का तुम्हाला?"

"बघू," डॉक्टर म्हणायचे आणि कमरेला मलम चोळायचे.

मग एका सकाळी, एका निवृत्त मुख्याध्यापिका आजींचा दात अर्धा कोरून झाला असताना, डॉक्टरांच्या कमरेत उसण भरली. हातात आरसा, कंबर वाकलेली, ना पुढे ना मागे. बायको धावत आली. आजी तोंडात कापूस घेऊनच उठल्या आणि दोघींनी मिळून डॉक्टरांना थोरलीच्या मांडीवर आडवं केलं. आजींनी कापूस काढला नि शांतपणे म्हणाल्या, "मागे टेका. अंग सैल सोडा."

डॉक्टर घरी पडून होते तेव्हा बायकोनं दारापाशी बसलेली माझी पाठ उचलली, पुसली आणि स्क्रू पिळून मला बसवली. मी रडले असते, पण रेक्झिनला ते जमत नाही.

डॉक्टर बरे होऊन आले. पहिल्या पेशंट त्याच आजी. आणि डॉक्टर? पुन्हा माझ्या कडेला, पुन्हा वाकून! माझी पाठ मागे रिकामीच. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात आजींनी तोंड मिटलं.

"आ करा ना, आजी."

"आधी तुम्ही टेका. मग मी उघडते."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. नाइलाजानं त्यांनी थोरलीला वर घेतलं, मला जवळ ओढलं आणि मागे टेकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कमरेचे स्नायू सैल पडलेले मला कळले. दातही नीट भरला गेला.

तुम्हीही कशावर तरी बसूनच हे वाचत असाल. जरा मागे सरका, त्या बिचारीला बरं वाटेल.

दवाखान्याचं दार हल्ली दिवसभर आपटतं. आपटू दे.