वाट बघणाऱ्या गाड्या

डँडेनाँगच्या आमच्या कारखान्यात पोहण्याच्या तलावांचे पंप बनतात. एकोणीस वर्षं तिथला पंप पुढे नेणारा पट्टा जमिनीला जखडलेला होता आणि एकोणीस वर्षं आम्ही त्याला शिव्या घातल्या. पट्टा कुणासाठी थांबत नसे. नाक शिंकरायला वळलं तरी दोन पंप पुढे.

पण आम्ही खांद्याला खांदा लावून उभे असायचो. मलिया आन्टीची बोटं संधिवातानं आखडली, तेव्हा कुणी ठराव केला नाही. तिच्या चार स्क्रूंपैकी एक तिच्या अलीकडे उभा असलेला झ्लाट्को आधीच पिळायचा, एक पलीकडे मी नंतर. वरच्यांना पत्ता नव्हता. नातीचं नर्सिंग संपेपर्यंत, अजून दोन वर्षं, टिकायचं एवढंच आन्टीचं मागणं.

मग पट्टा उखडला. चाकांवरच्या यंत्रगाड्या आल्या, बुटक्या आणि रुंद. झ्लाट्कोनं त्यांना वॉम्बॅट नाव ठेवलं, इथल्या बुटक्या, गुबगुबीत रानप्राण्याचं. आम्हा प्रत्येकाला उभं राहायला पिवळ्या रेघांचा एकेक चौकोन, मध्ये सहा पावलांचं अंतर. गाडी पंप घेऊन येते आणि तुमचं होईपर्यंत थांबते.

"नवऱ्यापेक्षा बरी गं," आन्टी हसली. "बिचारी घाई करत नाही."

आम्हीही हसलो. गाढव होतो. गाडी थांबते म्हणजे माया करते असं वाटलं. ती सेकंद न् सेकंद टिपत होती.

आन्टी मागे पडली की आम्ही सवयीनं धावायचो. माणूस आडवा आला की गाडी जागीच गोठते. आम्ही एक स्क्रू पिळायला गेलो की आन्टीच्या चौकोनापाशी तीन गाड्यांची रांग. तो सगळा खोळंबा आन्टीच्या नावावर चढला.

महिन्यानं सुपरवायझर डॅरलनं तिला बोलावलं. मीही घुसले.

"हिच्या सात नंबरच्या चौकोनात गाड्या रोज पन्नास मिनिटं अडतात," तो म्हणाला.

"आमच्यामुळे. आम्ही आडवे जातो."

"मग जाऊ नका की. दोन आठवडे प्रत्येकानं आपल्या चौकोनात राहा. तिचा खरा आकडा कळेल."

"आकडा कसला बघतोस? तिचे हात बघ."

"अगं बाई, मी काय राक्षस आहे का? यंत्र सांगतं तेच मी वर सांगतो."

"राक्षस असतास तर बरं होतं. त्याच्याशी भांडता तरी येतं."

बाहेर आन्टीनं माझा दंड धरला. "येऊ नकोस. तू येतेस तेव्हा माझं जास्त वाईट होतं."

मी गेले नाही. सहा पावलांवर तिचा स्क्रू पडायचा, ती वाकून शोधायची, तोंडानं तिच्या सामोअन भाषेतलं भजन पुटपुटायची. समोर गाडी निमूट उभी. झ्लाट्कोनं आन्टीकडे पाठ केली. मला तेवढंही जमलं नाही. मी बघत राहिले आणि हात चालवत राहिले.

दुसऱ्या शुक्रवारी आन्टीनं गळ्यातलं ओळखपत्र काढून डॅरलच्या टेबलावर ठेवलं. त्यानं बोलावण्याची वाट तिनं पाहिली नाही.

सोमवारी भिंतीवर तक्ता लागला. सगळ्यांत कमी खोळंबा माझ्या चौकोनात.

"शाब्बास," झ्लाट्को म्हणाला.

कारखान्यात मी पुष्कळ शिव्या खाल्ल्यात. एवढी घाण एकही नव्हती.