राखीव मेमरी

रेश्माने तिसऱ्यांदा देवरामकाकांना फोन लावला आणि तिसऱ्यांदा तोच रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज ऐकून ठेवून दिला. लागणार कसा? तिला काम शिकवणारे काका आज सुट्टी घेऊन म्हशाच्या जत्रेत, बैलबाजाराच्या गर्दीत. आणि इकडे मुरबाडच्या कारखान्यात तीन सर्व्हरपैकी मधला ठार झाला होता.

एक सर्व्हर गेला तर त्याच्यावरची व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारे एकेका खात्याचे संगणक, उरलेल्या दोघांवर आपोआप उठायची. त्यासाठीच तर दोन हजार नऊ साली कंपनीने हा संसार मांडला होता. पण उठायला मेमरी मोकळी लागते, आणि मागच्या आठवड्यात रेश्माने ती ठेवलीच नव्हती. स्टोअरवाले म्हणाले, आमचं मशीन रडतंय. डिस्पॅचवाले म्हणाले, आमचंही. शेणव्यासारख्या खेड्यात वाढलेल्या पोरीला दारात आलेल्याला नाही म्हणता येतं होय? मागेल त्याला मागेल तेवढी मेमरी तिने राखून दिली, काकांना न विचारता. सोमवारी तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

तिने स्क्रीनपुढे चक्क हात जोडले. स्टोअरचं मशीन उठलं. डिस्पॅचचं उठलं. हजेरीचंही उठलं!

"अगो बाय!" ती एकटीच ओरडली.

उठलं नाही ते एकच, काकांचं स्वतःचं, रिपोर्ट काढायचं.

हे झालं कसं? तिने नोंदी उघडल्या. काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं, लॉगिन देवराम. तिने राखलेली मेमरी काकांनी एकेक करून कमी केली होती. स्वतःच्या मशीनची तर शून्यावर, आणि उठायच्या रांगेत त्याला शेवटचा नंबर. आणि निघताना माणूस एवढंच बोलला होता, "जत्रेतून काय आणू गो तुला?" रेश्माचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मॅनेजर जयरामसाहेब आत आले.

"झालं चालू?"

"हो साहेब. काकांचं तेवढं नाय उठलं."

"कमाल आहे देवरामची! इतकी वर्सं झाली, स्वतःचं मशीन सांभाळता नाय येत? तू बाकी झकास सांभाळलंस."

गप्प बसली असती तर सोमवार पक्का होता. रेश्माने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मी नाय सांभाळलं, साहेब. सगळी मेमरी मीच वाटून टाकलेली. काकांनी काल निस्तरलं म्हणून आज वाचलो. त्यांना नका बोलू. काय बोलायचं ते मला बोला."

साहेब खुर्ची ओढून बसले.

"ठाऊक आहे. काल जाताना सांगून गेला तो."

रेश्माचा चेहरा उतरला.

"म्हणाला, बदललेले आकडे बघितले की पोरगी आपणहून सांगायला येईल, तोवर तुमी काय बोलू नका. मी म्हटलं, आणि नाय आली तर?"

"मग?"

"म्हणाला, मग तिला नाय, मला घरी बसवा. शिकवली मी."